कोठीघरातले सात जण

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर बाबांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. "बरोबर." डॉक्टर म्हणाले, असं होतं. आत सगळे शब्द असतात, पण ओठांपर्यंत एखादाच पोचतो. बाबा आयुष्यभर शाळेत हेडक्लार्क होते. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं नजरेखालून घालायचं, "बरोबर" म्हणायचं आणि सही करायची, हे त्यांचं काम. तोच शब्द मागे राहिला. भूक लागली की "बरोबर?" चहा गार निघाला की "बरोबर!" आणि मी कामाला निघाले की दाराकडे बघत, हळू आवाजात दोनदा, "बरोबर, बरोबर."

आम्ही भिवंडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आई आधीच गेली होती, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, आणि मी शिकवते ती शाळा शेलारला. आठ महिने आम्ही ओढलं. मग एक दिवस बाबा न्हाणीघरात पडले आणि दोन तास तसेच पडून राहिले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंना छतातून "बरोबर, बरोबर" असं ऐकू आलं म्हणून त्या धावत आल्या. त्या आठवड्यात मी पडघ्याच्या बाहेरचा एक वृद्धाश्रम बघायला गेले.

आश्रम सिस्टरचा होता. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि स्वतःच्या जागेवर त्यांनी खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या होत्या. पुढे लांब पडवी, मागे स्वयंपाकघर, न्हाणीघरं आणि कोठीघर. वीसेक माणसं. बाबांना सोडायला गेले त्या दिवशी सिस्टरनी मला ऑफिसात बसवलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ता माझ्यासमोर रडून घे. त्यांच्यासमोर नको." मी रडले. त्या शेजारी बसून रक्तदाबाच्या नोंदी करत राहिल्या. माझं झाल्यावर पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "भात मऊ लागतो की मोकळा?"

बाबांची सगळी कामं करायला मावशी होती. डोंगरातल्या पाड्यावरची, वयानं माझ्याएवढीच, पण सगळे तिला मावशी म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. अंगानं काटक. मोठमोठ्या पुरुषांना ती लहान मुलासारखी आंघोळ घालायची आणि कुणाला त्यात लाज वाटायची नाही. पहिल्याच रविवारी मी गेले तर ती मला म्हणाली, "ताई, बाबांना पंखा नको हाय डोक्यावर."

"तुला कसं कळलं?"

"बोल्ले ना ते."

"ते एकच शब्द बोलतात ग."

"एक हाय, पन दर टायमाला तसाच न्हाय बोलत," ती म्हणाली आणि बाबांच्या पायाला तेल चोळत राहिली. मी पोटची मुलगी, आठ महिने त्यांच्याबरोबर राहिले, आणि हे मला तिनं शिकवलं.

बाबांच्या खोलीत दुसरी खाट चाचांची होती. चाचा तरुणपणी उत्तरेकडून भिवंडीत आले आणि आयुष्य लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर काढलं. यंत्रांच्या खटखटीनं त्यांचे दोन्ही कान गेले होते. बायको नाही, मूल नाही, पुतण्यानं आणून ठेवलेलं. ज्याला ऐकू येत नाही असा एक माणूस आणि ज्याला बोलता येत नाही असा दुसरा, त्यांची जोडी कशी जमणार असं मला वाटलं होतं. ती अशी जमली की विचारू नका. दोघं दिवसभर पडवीत बसून बदाम सात खेळायचे. चाचा बोलायचे, बाबा मान हलवायचे. "मास्टरजी जैसा समझदार आदमी पूरे भिवंडी में नहीं," चाचा मला ओरडून सांगायचे. "मेरी हर बात से सहमत हैं." बाबा मास्तर नव्हते, हे मी दोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. बाबांना ते आवडत होतं.

मी बुधवारी आणि रविवारी जायची. खरं सांगायचं तर तिथल्या पहिल्या दोन वर्षांत मी बाबांबरोबर जितकं हसले तितकं लहानपणीही हसले नव्हते. घरी ते कडक होते. इथे ते पत्त्यात लबाडी करायचे, डाव्या हातानं पत्ता मांडीखाली सरकवायचे आणि पकडले गेले की ठामपणे म्हणायचे, "बरोबर."

तिथे एक म्हातारी होती, तिचा मुलगा भिवंडीजवळ पूर्णा गावातल्या एका गोदामावर गार्ड होता. बंदूकवाला गार्ड, परवान्याची दुनळी. तो महिन्यातून एकदा गणवेशातच मोटरसायकलवरून यायचा, आईजवळ बसायचा, जाताना सगळ्यांना नमस्कार करून जायचा. एकदा बाबांची व्हीलचेअर उतारावर अडकली होती तेव्हा त्यानं बंदूक भिंतीला टेकवून ती वर चढवून दिली. मी आभार मानले तर म्हणाला, "त्यात काय, ताई." हे मला सांगावंसं वाटत नाही, पण झालं होतं, म्हणून सांगते.

त्याची आई पावसाळ्यात तापानं गेली. सिस्टरनी त्याला फोन केले, लागले नाहीत. गोदामावर माणूस पाठवला, तर तो दुसऱ्याच जागी बदली ड्युटीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघून सिस्टरनी गावातली चार माणसं बोलावली आणि अंत्यसंस्कार उरकले. तो चौथ्या दिवशी आला. तो रविवार होता, मी तिथेच होते. तो पडवीच्या पायरीवर बसून रडत होता आणि सिस्टर त्याच्या शेजारी पायरीवरच बसल्या होत्या, आईचा चष्मा आणि दोन लुगडी मांडीवर घेऊन. "मला न विचारता जाळलं तुम्ही तिला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सिस्टर म्हणाल्या, "तू माझ्यावर रागाव. चालेल. पण जेवून जा." तो जेवला नाही. त्यानंतर तो तीन-चारदा आला, एकदा आरडाओरडा करून गेला, एकदा नुसताच फाटकाशी उभा राहून गेला. मी सिस्टरना म्हटलं, पोलिसांत सांगून ठेवा. त्या म्हणाल्या, "आई गेलीय ग त्याची. ओसरेल."

त्या दिवशी सकाळी मी नववीच्या वर्गावर होते. वर्गात फोन घेत नाही मी, पण तो थांबेना. मावशीचा नंबर. उचलला तर ती एकाच सुरात बोलत होती. "ताई, बाबा हायत. बाबांना काय झालेलं न्हाय. चाचांना लागलंय. सिस्टर गेल्या. तुमी या."

"गेल्या म्हणजे कुठे गेल्या?" मी विचारलं. मला खरंच कळलं नाही.

"तुमी या," ती म्हणाली.

माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेनं मला तिच्या स्कूटरवर घेतलं. हायवेला कंटेनरची रांग लागली होती, तिच्या कडेकडेनं आम्ही गेलो. आश्रमाच्या अलीकडे पोलिसांनी दोरी बांधली होती. मी म्हटलं, माझे वडील आत आहेत. हवालदारानं माझ्याकडे बघितलं आणि दोरी वर उचलली.

काय घडलं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांत कळलं. जास्त करून मावशीकडून. सकाळचा चहा झाला होता आणि सिस्टर पडवीत एकेकाचा रक्तदाब बघत होत्या. तो मोटरसायकलवरून आला, खांद्याला बंदूक. ती नेहमीच असायची म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सिस्टर "ये, बस" म्हणाल्या, इतकं एका आजींनी ऐकलं. पहिला बार त्यानं त्यांच्यावरच केला. आवाज ऐकून स्वयंपाकाच्या काकू हातातला झारा घेऊन बाहेर आल्या, दुसरा बार त्यांना लागला. त्यानं पुन्हा काडतुसं भरली. एक आजोबा, जन्मभर पोस्टमन म्हणून पायी फिरलेले, हात वर करून "अरे, अरे" म्हणत त्याच्याकडे चालत गेले. ते गेले. त्यांच्या मागे खुर्चीत बसलेल्या एक आजी गेल्या, त्यांना उठताच येत नव्हतं. चाचा पडवीच्या टोकाला पत्ते वाटत बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. खांद्यात छर्रे घुसले तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी दगड मारला. "कौन है बे?" म्हणून ते मागे वळले, आणि वळताना खुर्चीवरून पडले. पडले म्हणून वाचले.

मावशी मागच्या बाजूला बाबांना आंघोळ घालत होती. पहिला आवाज तिला हायवेवर टायर फुटल्यासारखा वाटला, तिथे ते रोजचंच. दुसऱ्या आवाजाला काकूंची किंकाळी आली आणि तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. न्हाणीघराला कडी नव्हती. म्हाताऱ्या माणसांना आत काही झालं तर दार उघडता यावं म्हणून सिस्टरनीच ती काढून टाकली होती. कडी होती फक्त कोठीघराला, मांजरं शिरू नयेत म्हणून. मावशीनं बाबांना पंचा गुंडाळला आणि व्हीलचेअर कोठीघरापर्यंत पळवत नेली, तर दार अरुंद, चेअर जाईना. तिनं बाबांना फरशीवर घोंगडीवर आडवं केलं आणि घोंगडी ओढत आत नेली. मग ती परत बाहेर आली. मागच्या ओळीतल्या तीन म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे, पाच जणांना तिनं हाताला धरून आणलं. पळवत नाही. पळवता येण्यासारखं त्यांच्यात कुणीच नव्हतं. एक म्हातारी चपला घातल्याशिवाय निघेना, तर तिच्या चपला शोधून पायात घातल्या. मग सगळ्यांना आत घेऊन कडी लावली आणि तांदळाची पोती दाराला लावली.

आत सात जण, अंधार, आणि कुणाला गप्प बसायचं कळेना. एक आजी सारखं विचारत होत्या, "चहा झाला का? चहा झाला का?" बाबा ओरडत होते, त्यांचा तो एक शब्द. मावशीनं हातानं चाचपून गुळाचा डबा शोधला, ढेप फोडली आणि एकेकाच्या तोंडात मोठा खडा कोंबला. गूळ चघळत सगळे गप्प झाले. दाराखालच्या फटीतून तिला त्याचे बूट दिसले. त्यानं दार एकदा ढकललं. थोडा वेळ उभा राहिला. मग बूट गेले.

पोलीस आले तेव्हा तो आवारातल्या पाण्याच्या पंपाच्या चौथऱ्यावर बसला होता, बंदूक बाजूला ठेवून. त्यानं काहीच विरोध केला नाही.

मी पोचले तेव्हा बाबा मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली खुर्चीवर होते, अंगावर मावशीची ओढणी. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचे गुडघे धरले. त्यांच्या ओठाच्या कडेला गूळ चिकटला होता. एक अधिकारी जबाब घेत फिरत होते, दमलेला, सभ्य माणूस. त्यांनी वाकून विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला पाहिलंत का?"

"बरोबर."

"त्याच्या हातात बंदूक होती?"

"बरोबर."

"एकटाच होता, की बरोबर आणखी कुणी होतं?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. मग मी सांगितलं. त्यांनी ओळ खोडली आणि मला हसू फुटलं. पलीकडे चादरी टाकलेल्या होत्या आणि मी हसत होते, थांबेना, आणि मग ते रडणं झालं. मावशीनं मला उठवून न्हाणीघराकडे नेलं आणि तोंडावर पाणी मारलं. "बाबांसमोर नको," ती म्हणाली. सिस्टरचंच वाक्य.

चौघं गेली. सिस्टरच्या अंत्ययात्रेला पडघ्याचा बाजार बंद होता. स्वयंपाकाच्या काकूंच्या घरी मी गेले तर त्यांच्या सुनेनं विचारलं, "आमच्या सासूबाईंच्या हातचं वालाचं बिरडं खाल्लंत का तुम्ही?" मी म्हटलं, दर बुधवारी. ती म्हणाली, "आम्हाला करायला वेळच मिळायचा नाही त्यांना," आणि मला बसायला पाट दिला.

बाबांना मी घरी आणलं. चार तरुण माणसांनी खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मला वाटलं होतं, घरी आले की सावरतील. ते खात नव्हते. खिडकीशी बसून डाव्या हातानं पत्ते वाटायचे, दोन जणांचे. समोरचे पत्ते कुणी उचलायचं नाही. मी उचलले तर हातातून काढून घेत.

पंधरा दिवसांनी मी मावशीच्या पाड्यावर गेले. रस्ता संपतो तिथून अर्धा तास चढ. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून तिनं आधी पाणी आणलं, मग विचारलं, "बाबा जेवतात?"

"नाही ग."

"पातळ करून द्या. मीठ कमी." ती सूप हलवत राहिली. घरात झोपता येत नाही, म्हणाली, दार लावलं की श्वास अडकतो, म्हणून ओट्यावरच झोपते. भगताकडे नेलं होतं, वाघदेवाला नारळ दिला, थोडं बरं आहे. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "ताई, एक इचारू? गूळ दिला मी सगल्यांना. त्यात तिघांना साखर हाय. सिस्टरनी कडक सांगितलेलं, गोड न्हाय द्यायचं. मना म्हाईत व्हतं तरी दिला. त्यांना काय झालं तर न्हाय ना?"

त्या दिवशीपासून ती हे मनात घेऊन बसली होती. सहा जणांना जिवंत ठेवून ती आपल्या पाड्यावर गुळाची काळजी करत होती.

"सगळ्यांची साखर तपासली," मी म्हटलं. "कुणालाही काहीही झालेलं नाही." कुणी तपासली नव्हती. त्या गडबडीत कुणाला सुचलं असतं? पण मी खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तिनं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

आश्रम बंदच होणार असं सगळे धरून चालले होते. पण महिनाभरात फोन येऊ लागले. कुणाची आई रोज पिशवी भरून दाराशी बसते, कुणाचे वडील सुनेला "सिस्टर" म्हणून हाक मारतात. चाचा दवाखान्यातून पुतण्याच्या खोलीवर गेले होते, चार लूमच्या मधोमध. मी व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर चाचांचं तोंड आलं, ते ओरडले, "मास्टरजी! ज़िंदा हो?" आणि बाबा दोन महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "बरोबर!" त्या दिवशी ते वाटीभर भात जेवले.

मग आम्ही काही घरं आमच्या शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर जमलो. सिस्टरचे भाऊ आले होते. ते म्हणाले, जागा तिची होती, ती तशीच राहू दे. काही जणांनी सांगितलं की आम्ही पुन्हा त्या फाटकातून आत येणार नाही, आणि त्यांना कुणी आग्रह केला नाही. एका आजींच्या मुलानं सुचवलं, आता दाराशी बंदूकवाला गार्ड ठेवू. मावशी मागच्या बाकावर बसली होती, ती उभी राहिली. "बंदूकवाला नको," म्हणाली. "दारं मोठी करा. खुर्ची जाईल येवढी. आन आतून कड्या लावा." तेच ठरलं. आणि देखरेख कुणी करायची असं विचारल्यावर सगळ्यांनी मागच्या बाकाकडेच बघितलं.

बाबांना परत नेलं तो दिवस मला कठीण गेला. ते घाबरतील, फाटकातच आरडाओरडा करतील, असं धरून मी चालले होते. पडवीची भिंत नव्यानं गिलावा करून रंगवली होती, पण एक ठिकाण जरा वेगळं दिसत होतं. बाबांनी तिकडे बोट केलं आणि मावशीकडे बघून विचारलं, "बरोबर?"

"व्हय बाबा," ती म्हणाली. "तिथंच." आणि तिनं खुर्ची तिथे नेली. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढला. मग आतून चाचांची हाक आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पत्ते.

खटला ठाण्याला चालला. मुख्य साक्षीदार मावशी. तिला कोर्ट म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून मी शाळेतून रजा काढून तिच्याबरोबर एसटीनं गेले. तिनं माझी एक साडी नेसली होती. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तिला खुर्ची द्यायला सांगितली. तिनं सगळं सांगितलं, तांब्या खाली ठेवल्यापासून बूट दिसले तिथपर्यंत, न थांबता. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, दार बंद होतं, मग माझाच अशील बाहेर होता हे कशावरून? ती म्हणाली, "बूट त्याचेच. आय मेली तवा पायरीवर बसलेला, तवाचेच बूट." मग कुणी काही विचारायच्या आत तिनं न्यायाधीश बाईंना हात जोडले. "बाई, एक चूक हाय माझी. साखरवाल्यांना गूळ दिला मी."

बाईंनी चष्मा काढला. "ती चूक नव्हती," त्या म्हणाल्या. माझं खोटं तिनं मानलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर आलो तेव्हा त्याला दोन पोलीस व्हरांड्यातून नेत होते. मावशी अचानक माझा हात सोडून पुढे गेली. "ए," ती म्हणाली. "तुझी आय एकटी न्हाय मेली. मी व्हते. हात धरलेला मी तिचा. तुझं नाव घेत व्हती." पोलिसानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही, पण चालता चालता त्याचे पाय अडखळले, ते मी पाहिलं.

परतीच्या एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. मला राग आला होता. सिस्टरना मारणाऱ्या माणसाला हिनं असं काही का द्यावं? माजिवडा गेलं, नाशिक हायवे लागला, तरी मी खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तीच म्हणाली, "ताई, हे त्या टायमालाच त्याला कुनी सांगायला पायजे व्हतं. मना सांगायचं व्हतं. पन तो सिस्टरशी भांडत व्हता, आन मी काम करत व्हते. ऱ्हाऊन गेलं."

"सांगितलं असतंस तरी त्यानं हेच केलं असतं," मी म्हटलं.

"आसंल," ती म्हणाली. "मना न्हाय म्हाईत."

मलाही माहीत नाही. अजूनही नाही. पडघ्याला उतरल्यावर आम्ही दोघींनी टपरीवर चहा घेतला आणि माझा राग कुठेतरी निवला.

त्याला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी आश्रमात स्वयंपाकाच्या नव्या बाईंनी वालाचं बिरडं केलं होतं. बरं झालं होतं, काकूंसारखं नाही.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता आठवड्याचे चार दिवस आश्रमातच असते; बाबा आणि चाचांचा डाव पडवीत अजून चालूच असतो. औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, नव्या माणसांच्या घरच्यांशी बोलणं. कुणी आईवडिलांना सोडायला आलं की मी त्यांना ऑफिसात बसवते आणि पाणी देते. भाताच्या आवणीला, रोपं लावायला मावशी पाड्यावर जाते, कारण तिथल्या शेतात तिच्याशिवाय पान हलत नाही, तेव्हा तिची ड्युटीही मीच करते. या वर्षी ती गेली त्याच आठवड्यात शहापूरकडच्या एक आजी नव्यानं आल्या होत्या. कुणाच्या हातचं खाईनात, ताट परत करायच्या. तीन दिवस मी त्यांच्या खाटेशी बसून घास पुढे केला, चौथ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. मागे पावसाचा आवाज आणि बायकांची गाणी. "ती नवी आजी जेवली का?"

"जेवली. माझ्या हातानं."

"मंग अजून चार दिस ऱ्हाऊ? दोन खाचरं बाकी हायत."

"राहा," मी म्हटलं. "इथलं मी बघते."

पाचव्या दिवशी सकाळी ती पडघ्याला उतरून चालत आली. टाचांच्या भेगांत अजून चिखल होता. नळावर पाय धुतले, पदर खोचला आणि नव्या आजींच्या खोलीत शिरत मला म्हणाली, "तुमी बसा आता जरा, ताई."